अकराव्या रांगेतला प्रॉम्प्टर

मला राग लवकर येतो हे अख्ख्या मखमलाबादला माहीत आहे. "दीपीच्या नाकावर माशी बसत नाय," असं आमची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. नसेल बसत. पण एरवी माझा राग भाकरी भाजून होईपर्यंत टिकतो, पुढे मीच विसरते. हा राग चार महिने झाले तरी जात नाही. मेथीच्या जुड्या बांधायला बसले की येतो, भांडी घासताना येतो. आता लिहूनच काढते, बघू काय होतंय.

राग नक्की कुणावर, असं विचाराल तर तिथंच सगळा घोळ आहे. आधी पहिल्यापासून सांगते.

माझे वडील वाल्मीक विधाते. गाव त्यांना आप्पा म्हणतं. आमचा सव्वा एकराचा मळा. मेथी, कोथिंबीर, शेपू, बांधाला शेवंती आणि निशिगंध. पहाटे काढणी, सकाळी गंगेवरचा, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठचा बाजार. आप्पा या काठाला "कोवळी मेथीऽऽ" ओरडले की पलीकडच्या काठावरच्या बाया पिशव्या घेऊन निघतात. आणि हाच माणूस संध्याकाळी नाटकाच्या विंगेत, म्हणजे स्टेजच्या कडेच्या त्या उभ्या पडद्याआड उभा राहून इतक्या हळू बोलायचा, की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जाऊ नये. एक्केचाळीस वर्षं. आप्पा प्रॉम्प्टर होते. नट वाक्य विसरला की त्याला पुढचा शब्द पुरवणारा माणूस. "होते" म्हणताना माझे हात शिवशिवतात.

यात पडले ते फुलांपायी. वीस वर्षांचे असताना एका संगीत नाटकाच्या नायिकेसाठी वेण्या घेऊन थिएटरात गेले. नेहमीचा प्रॉम्प्टर सटाण्याला लग्नाला गेलेला, एसटी चुकली, पत्ता नाही. मॅनेजरनं विचारलं, "ए फुलवाल्या, वाचता येतं का?" आप्पा म्हणाले, "धावी पास हाय." दिली वही हातात आणि केलं उभं. पहिल्या दिवशी बाजारातल्या सवयीनं त्यांनी असं खणखणीत वाचलं, की चौथ्या रांगेतल्या कुणीतरी ओरडून सांगितलं, "अरे, आत दोन नाटकं चाललीत का?" दुसरा असता तर पुन्हा फिरकला नसता. आप्पा महिनाभर मळ्यात वांग्यांच्या झाडांना हळू आवाजात नाटक वाचून दाखवत होते. हे मला आईनं सांगितलं. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. तिला वाटलं, बापानं येड्याच्या गळ्यात बांधली.

पण शिकले. आणि कसे शिकले! वही हातात असायची, बघायचे नाहीत. लोकांना वाटतं प्रॉम्प्टर म्हणजे वाचत सुटायचं. छट्! नट बोलता बोलता थांबला तर तो मुद्दाम थांबलाय का अडकलाय, हे अर्ध्या क्षणात ओळखायचं असतं. मुद्दाम थांबलेल्याला शब्द दिला तर त्याचा प्रसंग मेला. अडकलेल्याला दिला नाही तर तोच मेला. आप्पांना प्रत्येकाची खूण पाठ होती. कुणी घसा खाकरायचा, कुणी उगाच दोन पावलं चालायचा. कलाबाई अडकल्या की डाव्या हाताचा अंगठा करंगळीवर घासायला लागायच्या. तो अंगठा हलायच्या आत आप्पांचा शब्द पोचलेला असायचा. आणि कोण कुठं अडकला हे बाहेर कधी बोलायचं नाही. आईलासुद्धा त्यांनी एक्केचाळीस वर्षांत एक नाव सांगितलं नाही.

आता कलाबाई. शाळेत गाण्याच्या बाई होत्या, पंचवटीत एकट्याच राहतात, आता बाहत्तर वर्षांच्या आहेत. 'संगीत कंकणभेट' नावाचं जुनं नाटक आहे, त्यातली राणी त्यांनी पंचवीस वर्षं केली. नाशिकात तुम्ही कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला त्या नाटकाचं नाव सांगा, तो हातातलं काम टाकून कलाबाईंचं पद म्हणायला लागेल. बेसूर म्हणेल, पण म्हणेल. आप्पांना त्या "वाल्मीक" म्हणतात, आप्पा त्यांना नुसतं "बाई". बाईंच्या घरची भाजी कायम आमच्या मळ्यातली.

त्या भाजीवरूनच मला पहिला संशय आला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बाई बाजारात आल्या, आईकडून दोन जुड्या मेथी घेतली, गप्पा मारल्या, गेल्या. पंधरा मिनिटांनी परत आल्या, "सरूबाई, बरी आहेस ना? मेथी दे दोन जुड्या." आई हसून म्हणाली, "बाई, आत्ताच तर नेली." बाईंनी पिशवीत पाहिलं. त्यांचं तोंड जे उतरलं, ते पाहून आईनं हसणं गिळलं. आप्पांनी गुपचूप आणखी दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाले, "पाहुणे असतील बाईंकडं." मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पुढे दीडेक वर्षानं मी एक पाप केलं. आप्पांची प्रॉम्प्टिंगची वही उघडली. जिथं नट अडखळतो तिथं ते पेन्सिलीनं बारीक टिंब देतात. कलाबाईंच्या भाषणांत जुन्या प्रयोगांची सगळी मिळून सहा-सात टिंबं असतील. अगदी अलीकडच्या प्रयोगाच्या तारखेखाली मात्र टिंबंच टिंबं. ओळीओळीला. म्हणजे त्या दिवशी अख्खं नाटक आप्पांनी म्हटलं होतं आणि बाईंनी ते त्यांच्यामागून. टाळ्या वाजवणाऱ्यांना गंधवार्ता नव्हती.

मी वही घेऊन समोर उभी राहिले. आप्पा चिडले नाहीत. "दीपे, त्यांना दवाखान्यात मीच नेलं होतं," म्हणाले. "डॉक्टर म्हनले, विसरनं वाढत जाणार. गाणी लय उशिरा जातील, बोलणं आधी जाईल. बाईंना ठावं हाय. फक्त एक मागितलं त्यांनी माझ्याकडं. एक शेवटचा प्रयोग नीट पार पाडू दे, कुणाला कळू देऊ नको. मग मी आपली आपणच थांबते." हे सांगताना त्यांनी मला निशिगंधाच्या वाफ्यात शपथ घ्यायला लावली. चौतीस वर्षांची घोडी मी, घेतली शपथ.

आणि नेमका त्याच सुमाराला राज उगवला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

राज मूळचा सिन्नरचा. बापाचा एमआयडीसीत कारखाना. मुंबईत नाटक शिकला, मग परदेशात शिकला, आणि मग आम्हाला शिकवायला नाशिकला आला. त्याला 'कंकणभेट' नव्या पद्धतीनं करायचं होतं. नवी पद्धत म्हणजे काय, तर सगळं काढून टाकायचं. राजवाड्याचे रंगवलेले पडदे काढले. शालू काढले, दागिने काढले. ज्या कंकणावरून नाटकाचं नाव, ते कंकण पण काढलं. राणीनं रिकामा हात पुढे करायचा आणि लोकांनी समजून घ्यायचं. ऑर्गन काढला, एक तंबोरा ठेवला. साडेतीन तासांचं नाटक दीड तासात आणलं. मध्यंतर नाही. स्टेजवर एक पांढरं स्टूल, मागे काळा पडदा, वरून पांढरा उजेड आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत. आई तालीम बघायला आली होती, म्हणाली, "हे नाटक हाय का दहावं?"

राणीचं काम म्हातारीनंच करायचं, ही त्याचीच कल्पना. तरुण राणी शोभेची होते म्हणे. त्यानं कलाबाईंचा जुना व्हिडिओ बघितला आणि थेट पंचवटी गाठली, पाया पडला. बाईंना वाटलं देवच पावला. शेवटचा प्रयोग चालून दारात आला होता.

पहिले आठ दिवस आप्पा पण खूश. नवव्या दिवशी राजनं विंगा काढल्या. दोन्ही बाजूंच्या. भिंतीपर्यंत सगळं स्टेज उघडं. नटांनी आत-बाहेर करायचं नाही, मागे ओळीनं सगळ्यांसमोर बसून राहायचं. आप्पा वही घेऊन भिंतीला टेकून उभे राहिले, तर राज म्हणाला, "काका, तुम्ही दिसताय."

आप्पांनी त्याला बाजूला घेतलं. मी तिथंच होते. आप्पा म्हणाले, "साहेब, तुम्ही काढलं त्याला माझं काय म्हननं नाय. पन एक विंग राहू द्या. उजवीकडची. दोन हाताची फळी लावा, बस."

"काका, मला स्टेजवर लपलेलं काहीच नकोय. सगळं खरं, सगळं उघडं."

"मग मी उघड्यावर बसतो. मागं त्या लोकांत. पांढरं घालतो, हालनार नाय."

राज हसला. वाईट हसला असं म्हणणार नाही, गोड हसला, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. "काका, सगळ्यांना कॉलरचे माईक आहेत. तुमची कुजबुज हॉलभर ऐकू जाईल. आणि प्रॉम्प्टर कशाला? महिनाभर तालीम करून नटाचं पाठ होत नसेल, तर त्यानं घरी बसावं." मग त्यानं कलाबाईंना हाक मारली. "बाई, तुम्हाला प्रॉम्प्टर लागतो का हो?"

सगळी पोरं बघत होती. कलाबाई स्टुलावर ताठ बसलेल्या. त्यांना चार शब्द बोलायचे होते, "हो, लागतो मला वाल्मीक." पण पंचवीस वर्षं राणी केलेली बाई, वीस पोरांसमोर कशी बोलणार? "मला? छे!" म्हणाल्या. राजनं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, प्रयोगाचे दोन पास देतो, मजेत समोर बसून बघा.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घरी येताना टेम्पोत मी आप्पांना फाडून खाल्लं. "सांगून टाका ना त्याला! आजार आहे म्हणावं, चोरी नाही केली!"

"सांगितलं तर तो काम काढून घेईल."

"मग घेऊ दे! भर प्रयोगात अडकल्या तर काय अब्रू राहील?"

आप्पा म्हणाले, "काम काढून घेतलं तर त्या जित्यापनी मेल्यावानी घरात बसतील, दीपे. एवढ्यासाठीच त्या सकाळच्या उठतात." मी गिअर असा टाकला, की मागच्या कॅरेटमधली शेवंती सांडली.

मी गप्प बसणारी नाही. ऑनलाइन कानात घालायचं बारीक यंत्र मागवलं. आप्पा फोनवर बोलतील, बाईंना कानात ऐकू येईल, कुणाला पत्ता नाही. आप्पांनी आणि बाईंनी पंचवटीतल्या खोलीत करून पाहिलं. बोलताना ठीक होतं, पण पद सुरू झालं की कानातल्या खरखरीनं त्यांचा सूर हलायला लागला. सूर हलल्यावर त्या घाबरल्या, घाबरल्यावर उरलंसुरलंही विसरल्या. यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाल्मीक, हे नको. तू ये रोज, घोटून घे माझ्याकडून." मग रोज दुपारी बाजार आटोपून आप्पा पंचवटीत. आई चार वाजेपर्यंत जेवायची थांबायची. कधी सगळं नाटक बिनचूक व्हायचं, आप्पा आल्याआल्या म्हणायचे, "आज एक बी टिंब नाय!" दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर गाडी अडायची. असं करत रविवार उजाडला. पाचचा प्रयोग, बाहेर हाऊसफुलचा बोर्ड.

आम्ही अकराव्या रांगेत. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा नाटक समोरून बघितलं. त्यांना हात कुठं ठेवावेत कळेना, वही घरी राहिली होती. तिसरी घंटा झाली आणि तो पांढरा उजेड आला. मला वाटलं होतं हसू येईल. नाही आलं. कलाबाई पांढऱ्या साडीत, डोक्यात फूल नाही, अंगावर गुंजभर सोनं नाही, आणि त्यांनी पहिलं पद उचललं. खरं सांगते, आजूबाजूला काही नसल्यामुळे तो आवाज असा अंगावर आला, की त्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. त्या राजला शिव्या घालायला बसलेली मी, रडत होते. त्याचाही राग आला.

एक तास दहा मिनिटं बाई एक शब्द चुकल्या नाहीत. आप्पांचे ओठ हलत होते, प्रत्येक वाक्य बाईंच्या अर्धा शब्द पुढं. मग आला शेवटचा प्रसंग. राणीला कंकण परत मिळतं, पण ज्यानं पाठवलं तो युद्धात कामी आलेला. राणी कंकण हातात घेते, एक मोठं भाषण आहे, आणि मग नाटकातलं सगळ्यात गाजलेलं पद. बाईंनी रिकामा तळवा समोर धरला. त्याच्याकडे बघितलं. आणि थांबल्या.

हॉल चिडीचूप. मी बाईंचा डावा हात बघितला. अंगठा करंगळीवर घासत होता.

माझ्या शेजारचा दाढीवाला हळूच म्हणाला, "वा! काय थांबलीय!" पुढच्या रांगेत एक बाई छातीवर हात ठेवून बसलेली. लोकांना वाटलं, हेच ते नवं नाटक. अरे, ती बाई बुडतेय रे तिथं! कंकण नाही हातात, पडदा नाही, ऑर्गनचा सूर नाही, बिचारीनं धरायचं कशाला? आप्पांनी शब्द दिला. सवयीनं, विंगेतल्या आवाजात. अकराव्या रांगेतून तो दहाव्या रांगेपर्यंतसुद्धा गेला नाही. पुन्हा दिला. बाईंनी मान वळवून उजवीकडे बघितलं, जिथं विंग असायची तिकडं. तिथं भिंत होती. तसे आप्पा उठले.

"कंकण परत आले! परंतु तो हात कोठे आहे?"

गंगेच्या या काठावरून त्या काठाला जाणारा आवाज तो. छतावरची कबुतरं उडाली असती. सगळा हॉल वळला. "शूऽऽ!" "कोण आहे रे तो?" "प्यायलाय का?" "बाहेर काढा त्याला!" दाढीवाल्यानं आप्पांचा सदरा धरून खाली ओढलं. मी त्याच्या हातावर फटका मारला. आणि तिकडं स्टेजवर, जणू काही झालंच नाही अशा आवाजात कलाबाई म्हणाल्या, "कंकण परत आले. परंतु तो हात कोठे आहे?" पुढची दोन वाक्यं आपसूक आली. तिसऱ्याला पुन्हा अडल्या. आप्पांनी पुन्हा दिलं, तसंच उभं राहून. तोवर दोन स्वयंसेवक आले आणि त्यांनी आप्पांना दंडाला धरून रांगेतून बाहेर काढलं. लोकांनी पाय आखडून वाट दिली, पिसाळलेल्या कुत्र्याला देतात तशी. कुणी मोबाईलवर शूटिंग घेतलं. मी भांडत भांडत मागे. दार लागतालागता तंबोरा ऐकू आला आणि बाईंनी पद उचललं. पदाला काही धोका नव्हता. आप्पा बाहेरच्या पॅसेजमध्ये बंद दाराला कान लावून, डोळे मिटून उभे राहिले. आतून टाळ्या फुटल्या, थांबेचनात. "झालं," आप्पा म्हणाले. "पार पडलं."

पार पडलं म्हणे! पाच मिनिटांत राज बाहेर आला. डोळे लाल. आजूबाजूला पोरं, कार्यकर्ते, दोन-चार नाशिकचे प्रतिष्ठित.

"एक मिनिट दहा सेकंद!" तो ओरडला. "एक मिनिट दहा सेकंद अख्खा हॉल श्वास धरून बसला होता. असला क्षण दिग्दर्शकाच्या आयुष्यात एकदा येतो, काका! कलाबाईंनी काय घेतला होता तो थांबा! मी सांगितला नव्हता, त्यांचा त्यांनी घेतला. आणि तुम्ही? भाजी विकल्यासारखे ओरडलात!"

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं. अरे शहाण्या, ती विसरली होती! तुझा क्षण म्हणजे तिचा आजार आहे! या माणसानं तुझं नाटक वाचवलं, त्याच्या पाया पड! आप्पांनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. निशिगंधाच्या वाफ्यातली शपथ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

"चुकलंच माझं," आप्पा म्हणाले. "मला वाटलं बाई अडकल्या. म्हातारपन. कळलं नाय."

प्रॉम्प्टरला थांबा ओळखता आला नाही! सोनारानं पितळ सोनं म्हणून घेतल्यासारखं झालं हे. बाजूला उभे असलेले जुने नाटकवाले, ज्यांना आप्पांनी वर्षानुवर्षं शब्द पुरवले, त्यांतला एक मान हलवून म्हणाला, "वाल्मीकचं आता वय झालं." माझी खात्री आहे, तो माणूस आप्पांच्या वहीत टिंबांनी भरलेला असणार. राजनं सांगून टाकलं की पुढचा प्रयोग मुंबईला आहे, त्यात तो थांबा तसाच ठेवणार, आणि हे काका थिएटरच्या आसपासही दिसता कामा नयेत.

आम्ही मागच्या बाजूनं निघालो. मेकअपच्या खोलीच्या दारात कलाबाई उभ्या, हातात कुणीतरी दिलेला गुच्छ. एक पत्रकार मुलगी मोबाईल धरून समोर. मला बाईंचाही राग आलेला. म्हटलं, आता तरी बोला दोन शब्द. तुमच्यासाठी या माणसानं काय ऐकून घेतलंय, ते सांगा त्या पोरीला. बाईंनी आप्पांना बघितलं आणि झटकन त्यांची बाही धरली. "वाल्मीक, इथं उभा राहा," म्हणाल्या. पुढे आवाज आणखी बारीक केला. "संपलं का रे? पद म्हटलं का मी?"

"म्हटलं, बाई. सगळं म्हटलं," आप्पा म्हणाले आणि उघड्या दाराच्या फळीआड सरकले. मी फळीला टेकून उभी, म्हणून मला ऐकू आलं. नाहीतर कुणालाच आलं नसतं.

पोरीनं हॉलच्या अंधारात आप्पांचा चेहरा पाहिलेला नव्हता. तिनं मोबाईल पुढं केला. "कलाबाई, शेवटच्या प्रसंगात तुम्ही जो थांबा घेतला त्याचीच सगळीकडे चर्चा आहे. तो ठरवून घेतला होता का?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. गुच्छाखाली अंगठा करंगळीवर घासायला लागला.

फळीआडून शब्द आला. "हो. ठरवून."

"हो. ठरवून," कलाबाई म्हणाल्या.

मी वळून आप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, फटीतून बाईंच्या हाताकडे बघत होते. मला ओरडायचं होतं. कुणाच्या नावानं, ते मात्र कळत नव्हतं.

"आणि तो मध्येच ओरडणारा माणूस?" पोरगी म्हणाली. "तुमच्या ओळखीचा होता असं कुणी म्हणत होतं."

कलाबाईंचा अंगठा चालूच. आप्पांनी घसा न खाकरता, ना लवकर ना उशिरा, शब्द दिला.

"ओळखत नाही मी त्याला," कलाबाई म्हणाल्या. खणखणीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.